जेलमधल्या माणसाला पैसे पाठवायचे कसे? (हर्सूल, नांदेड, परभणी, बीड, लातूर, धाराशिव)

मांजराकाठ
मंडळी, हा प्रश्न दर वेळी दुसऱ्याच धाग्याच्या पोटात येतो अन् उत्तरं हरवून जातात, म्हणून वेगळा धागा काढला. माणूस आत गेला की घरचे आधी वकिलामागं पळतात. मग मुलाकातीवरून आलेला कुणीतरी सांगतो, "त्याच्याकडं साबणालाही पैसे नाहीत." तिथून पुढं जो तो वेगळंच सांगायलाय. एक म्हणतो मनीऑर्डर करा, दुसरा म्हणतो खिडकीवर भरा, तिसरा म्हणतो गेटवरच्या अमक्याच्या मोबाईलवर टाका, रात्रीपर्यंत पोचतील. मला एवढंच नीट पाहिजे: पत्ता कसा लिहायचा, एका वेळी आणि महिन्याला किती चालतात, पैसे परत का येतात, आणि पाठवावेत तर किती. शेवटच्या प्रश्नावर भांडण होणार हे माहीत आहे.

हुरडा२०
तिसऱ्या माणसाचे पैसे रात्रीपर्यंत पोचतात हे खरं. कुठं पोचतात ते विचारू नका.

टपालखातं
मनीऑर्डरपासून सुरू करतो, कारण सगळ्या कारागृहांत चालणारा जुना आणि पावती मिळणारा रस्ता तोच.

पोस्टात ईएमओचा (इलेक्ट्रॉनिक मनीऑर्डरचा) फॉर्म मागा. एका मनीऑर्डरची कमाल रक्कम ५,००० रुपये. कमिशन दर २० रुपयांना किंवा त्याच्या भागाला १ रुपया, म्हणजे ५०० ला २५, १,००० ला ५०, २,००० ला १००. घरून निघताना कमिशन धरूनच पैसे घ्या. २,००० पाठवायला बरोबर २,००० च घेऊन आलेली माणसं काउंटरवर रोज दिसतात.

"पाठवणार कोणाला" ह्या रकान्यात क्रम असा ठेवा: बंदीचं, म्हणजे कैद्याचं, पूर्ण नाव (वडिलांच्या नावासह), बंदी क्रमांक, मग "द्वारा मा. अधीक्षक", कारागृहाचं नाव, गाव, पिन कोड. "अधीक्षक" आधी लिहून कंसात बंदीचं नाव टाकलं की काउंटरवरचा माणूस अधीक्षकांच्याच नावे मनीऑर्डर काढतो. मग ती कोणत्या बंदीच्या खात्यात घालायची हे तिथं कळत नाही.

दुसरी गोम नावाच्या स्पेलिंगची. फॉर्म मराठीत भरला तरी संगणकात नाव इंग्रजीतच चढतं. ज्ञानेश्वर, दत्तात्रय, शेख, सय्यद ही नावं दहा प्रकारे लिहिली जातात. वॉरंटवर जे स्पेलिंग आहे तेच कागदावर लिहून काउंटरवर द्या, आणि पावती हातात आली की तिथंच उभं राहून वाचा. नंतर दुरुस्ती होते, पण अर्ज आणि थांबणं आलं.

पावतीवर ईएमओ क्रमांक असतो. त्यावरून टपाल खात्याच्या संकेतस्थळावर मनीऑर्डर कुठवर गेली ते बघता येतं. पावती खिशात चुरगाळू नका, तिची शाई पावसाळ्यापर्यंतही टिकत नाही. मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

बालाघाटी
शहराचं नाव औरंगाबाद लिहायचं का छत्रपती संभाजीनगर? उस्मानाबाद का धाराशिव? काउंटरवर ह्यावरून अर्धा तास मिटिंग भरते.

टपालखातं
कोणतंही लिहा. गाडी पिन कोडवर चालते. पिन चुकला तर नाव कितीही शुद्ध लिहा, मनीऑर्डर दुसऱ्या गावाला फिरून येते.

वकीलपत्र
माणूस कोठडीच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते आधी बघा. पीसीआर (पोलीस कोठडी) चालू असेल तर तो पोलिसांच्या ताब्यात आहे, त्याला कारागृहाचा क्रमांकच नाही, मनीऑर्डर जाणार कुठं? एमसीआर (न्यायालयीन कोठडी) झाली, कारागृहात दाखल झाला, रजिस्टरला नाव चढलं की मगच पाठवा. दुसरं, तालुक्याच्या दुय्यम कारागृहाची सोय वेगळी असते, तिथला अधीक्षक म्हणजे तहसीलदार. अशा ठिकाणी कॅन्टीन आहे का हे विचारल्याशिवाय पैसे टाकून उपयोग नाही.

जिल्हा कारागृहात जागा नसली की बंदी हर्सूलला, छत्रपती संभाजीनगरच्या मध्यवर्ती कारागृहात, हलवतात. बीड किंवा परभणीच्या पत्त्यावर मनीऑर्डर गेली अन् माणूस हर्सूलला, हा प्रकार नेहमीचा. म्हणून पाठवायच्या आदल्या दिवशी ठिकाणाची खात्री करा.

बंदी क्रमांक मुलाकातीच्या खिडकीवर सांगतात. तो वकिलाकडेही असतो, कारण कारागृहातून सही होऊन आलेल्या वकालतनाम्यावर अधीक्षकांचा शिक्का आणि क्रमांक पडतो. न्यायबंदीचा (खटला चालू आहे, शिक्षा झालेली नाही अशा कैद्याचा) क्रमांक आणि शिक्षा लागल्यावरचा क्रमांक वेगळा असतो. निकाल लागला की जुना क्रमांक वापरू नका.

कडकभाकर
माझं मत कडू आहे. एक रुपयाही पाठवू नका. दोन वेळचं जेवण, चहा, नाष्टा, अंथरूण, औषध सरकार देतं. आत ज्याच्याकडं पैसा त्याच्यामागं चार जण. बाहेर म्हातारे आईबाप मजुरी करून पाठवायलेत अन् आत ह्याचं बिस्किट-फरसाण चाललंय.

शेरा_बुक
कडकभाकर, अर्धं पटलं. उरलेल्या अर्ध्यात एक गोष्ट सुटली.

सक्तमजुरीची शिक्षा झालेल्याला कामाचं वेतन मिळतं. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२३ मध्ये दर वाढले: कुशल ७४, अर्धकुशल ६७, अकुशल ५३ रुपये रोज, आणि खुल्या कारागृहात ९४. पैठणच्या खुल्या कारागृहात शेतीवर असलेल्या माणसाचं साबण-तेल स्वतःच्या कमाईत भागतं, वर घरीही पाठवता येतं. न्यायबंदीला मात्र काम सक्तीचं नाही, म्हणून वेतनही नाही. त्याचा दोष सिद्ध झालेला नसतो, तरी खिसा पूर्ण घरच्यांवर. आपल्याकडच्या कारागृहांत बहुतेक भरणा अशांचाच आहे.

१८९४ च्या कारागृह कायद्यातलं कलम ३१ ह्याच लोकांसाठी आहे. शिक्षा न झालेल्या बंदीला अन्न, कपडे, अंथरूण आणि गरजेच्या वस्तू स्वतःच्या पैशानं विकत घेण्याची किंवा बाहेरून मिळवण्याची मुभा त्यात दिली आहे, तपासणी आणि नियमांच्या अधीन. सवलत नवी नाही, सव्वाशे वर्षं जुनी आहे.

आता पैसा आत गेल्यावर काय होतं ते. मनीऑर्डर कारागृहाच्या कार्यालयात उतरते, बंदीच्या नावे खाजगी रोख रजिस्टरला चढते. आत सगळे त्याला पीपीसी म्हणतात. बंदीची सही किंवा अंगठा घेतात. रोख नोट त्याच्या हातात कधीच येत नाही, नोट जवळ सापडणं हाच आत गुन्हा. कॅन्टीनमध्ये वस्तू घेतली की तेवढी रक्कम खात्यातून वजा होते.

हुरडा२०
म्हणजे आत सगळा कॅशलेस व्यवहार. बाहेर अजून चहावाला सुट्टे मागतो.

काळी_माती
कॅन्टीनमध्ये मिळतं तरी काय? ऐकतो की आता पाणीपुरी अन् आईस्क्रीम सुद्धा.

शेरा_बुक
२०२३ च्या शेवटी राज्याच्या कारागृह विभागानं कॅन्टीनची यादी वाढवली, त्यात पाणीपुरी, आईस्क्रीम, चित्रकलेचं साहित्य आलं. पेपरवाल्यांना पाणीपुरीच दिसली. रोजचा खप मात्र अंगाचा आणि कपड्याचा साबण, खोबरेल तेल, टूथपेस्ट, बनियान, चप्पल, बिस्किट, फरसाण, लोणचं, पोस्टकार्ड ह्यांचा. यादीत नाव आहे म्हणून प्रत्येक जिल्हा कारागृहात माल असतोच असं धरू नका.

गोदातीर
मर्यादेचं कुणी बोललं नाही अजून. पोस्टाची मर्यादा आणि कारागृहाची मर्यादा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोस्ट एका मनीऑर्डरला ५,००० पर्यंत घेतं. कारागृह मात्र एका बंदीला महिन्याला किती घेऊ द्यायचे ते ठरवतं. २०२१ मध्ये राज्यात हा आकडा ४,५०० होता, मुंबईच्या एका गाजलेल्या केसमुळं तो सगळ्या पेपरांत आला, आणि त्यानंतर तो वाढवला गेला. चालू आकडा मुलाकातीच्या जागी विचारा आणि तोच धरा. गावातला जुना जाणकार सांगतो तो त्याच्या काळातला असतो.

घोळ कुठं होतो बघा. मर्यादा बंदीला आहे, पाठवणाऱ्याला नाही. एकाच महिन्यात भाऊ पाठवतो, सासरा पाठवतो, मित्र पाठवतो. तिघांनाही वाटतं आपण नियमात आहोत. बेरीज वर गेली की शेवटची मनीऑर्डर परत. कमिशन मात्र परत येत नाही, ते पोस्टाचं झालं. घरात एकाच माणसाकडं हे काम द्या, बाकीच्यांनी त्याच्याकडं पैसे जमा करावेत.

बालाघाटी
ह्यात ऊसतोडवाल्यांची वेगळी अडचण आहे. आमच्याकडं दिवाळीच्या आगंमागं अर्धं गाव कोल्हापूर, सांगली, कर्नाटकाकडं जातं ते गुढीपाडव्यापर्यंत येत नाही. पैसे हातात येतात उचलीच्या वेळी, तेव्हाच एकदम मोठी रक्कम पाठवायला बघतात अन् मर्यादेत अडकतात. मनीऑर्डर देशातल्या कोणत्याही पोस्टातून करता येते, त्यासाठी गावाकडं यायची गरज नाही. पण "पाठवणाऱ्याचा पत्ता" म्हणून फडावरचा पत्ता टाकू नका. मनीऑर्डर परत आली तर त्या पत्त्यावर येणार, अन् तोवर टोळी पुढच्या गावाला. गावचा कायमचा पत्ता टाका, जिथं म्हातारं माणूस घरी असतं.

टपालखातं
बालाघाटींना दुजोरा. पाठवणाऱ्याचं नावही खरं आणि पूर्ण टाका. शक्यतो मुलाकातीला जाणाऱ्या नातेवाइकाचंच नाव असावं. "एक हितचिंतक" असलं काही लिहू नका, कारागृहातून चौकशी निघते.

आणखी एक. ईएमओत मजकुराला जागा नाही, ठरावीक छापील संदेशांतून एक निवडायचा. सणाच्या शुभेच्छा वगैरे.

हुरडा२०
"नवीन घराच्या हार्दिक शुभेच्छा" असेल तर तो टाळा.

टपालखातं
😀 म्हणून मनीऑर्डर केली त्याच दिवशी ५० पैशांचं पोस्टकार्ड टाकावं: अमुक तारखेला, अमुक रुपये, अमुकाच्या नावानं, ईएमओ क्रमांक अमुक. आत पत्र वाचूनच देतात, त्यामुळं बाकी केसबिसचं काही लिहायचं नाही. ह्या कार्डाचा फायदा असा की बंदी कार्यालयात विचारू शकतो, "अमुक क्रमांकाची मनीऑर्डर जमा झाली का?" नुसतं "माझे पैसे आले का" विचारलं तर उत्तर "बघू" येतं.

नळदुर्गी
खिडकीवर रोख भरणं किंवा ऑनलाइनचं काय? पोस्टाचं ५ टक्के कमिशन गरिबाला जड जातं हो. २,००० ला १०० म्हणजे त्यात महिन्याचा साबण येतो.

गोदातीर
ते कारागृहागणिक वेगळं आहे. जिथं रोख घेतात तिथं मुलाकातीच्या दिवशीच घेतात, आधारकार्ड लागतं, पावती मिळते. पावती मिळत नसेल तर ते पैसे भरणं नव्हे. ऑनलाइनचं सूत्र एकच: खाते क्रमांक किंवा क्यूआर कोड कारागृहानं स्वतः, आपल्या फलकावर किंवा खिडकीवर दिलेला पाहिजे, आणि खातं एखाद्या माणसाच्या नव्हे, कार्यालयाच्या नावे पाहिजे. व्हॉट्सॲपवर फिरत आलेला क्यूआर कितीही खरा दिसला तरी वापरायचा नाही.

आरती_परभणी
तुमच्या गावाकडून तीन-चार जण मुलाकातीला जायलेत असा ग्रुप असेल तर त्यातल्या कुणाचा नंबर द्याल का? एकाची ओळख आहे म्हणतात, त्याचा नंबर मी देते इथं: [काढला]

व्यवस्थापक
कुणाचाही फोन नंबर इथं टाकू नये. काढला आहे.

वकीलपत्र
आरतीताई, ह्या "ओळखी"वरच लिहायचं होतं. फोन असा येतो: "मी जेलमधून बोलतोय, तुमच्या पोराला बराक बदलून द्यायची आहे, ५,००० टाका, नाहीतर त्याला मारतील." त्यांना पोराचं नाव, बापाचं नाव, गाव, कलम सगळं माहीत असतं. ही माहिती मिळवायला जादू लागत नाही, केसची माहिती ऑनलाइन दिसते आणि सुटून आलेला माणूस बाकीचं सांगतो. फोन ठेवा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० ह्या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा, उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यात सरकते.

आणि खरोखरच कर्मचाऱ्यानं मागितले तर? भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे. बळजबरीनं द्यावी लागली असेल तर ७ दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवलं की देणाऱ्याला संरक्षण मिळतं. लाचलुचपत विभागाचा नंबर १०६४. चपलेच्या तळव्यात नोट, भाकरीच्या चवडीत नोट, असले उद्योग तर मुळीच नकोत. मनाई असलेली वस्तू आत पोचवायला १८९४ च्या कायद्याच्या कलम ४२ मध्ये सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे, आणि झडतीत सापडलं की आतल्या माणसाचं कॅन्टीन अन् मुलाकात दोन्ही जातं.

कडकभाकर
हेच तर म्हणतोय मी. पैसा आला की मागणारे आले.

शेरा_बुक
मागणारे पैसा मागत नाहीत, वस्तू मागतात. खात्यातली रक्कम कुणाला हिसकावता येत नाही, हातातला साबणाचा पुडा येतो. म्हणून महिन्याचं एकदम भरून ठेवणाऱ्याला त्रास जास्त, लागेल तसं थोडं थोडं घेणाऱ्याला कमी. एका न्यायबंदीच्या मालकीचं अन्न-कपडे दुसऱ्याला देणं किंवा विकणं ह्याला त्याच कायद्याच्या कलम ३२ ची मनाई आहे, त्याचा आधार आतल्या माणसाला घेता येतो. ऐकायला बरं वाटतं, बराकीत तेवढं सोपं नसतं हे कबूल.

घरच्यांनी लक्ष ठेवायची खूण एकच. नेहमी ८०० मागणारा अचानक ३,००० मागायला लागला, कारण सांगत नाही, मुलाकातीत डोळे चुकवतो, तर रक्कम वाढवू नका. वकिलाला सांगा. व्हिडिओ कॉन्फरन्सनं तारखेला हजर करतात तेव्हा बंदी थेट न्यायाधीशांना सांगू शकतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे वकील कारागृहात भेटीला जातात, त्यांच्यापर्यंत निरोप १५१०० वरून पोचवता येतो.

काळी_माती
बायकांच्या बराकीचं वेगळं काही?

शेरा_बुक
रस्ता तोच. आईबरोबर सहा वर्षांपर्यंतचं लेकरू राहू शकतं, त्याचं दूध, आहार, कपडे ही कारागृहाची जबाबदारी. तरी अशा बाईला थोडे जास्त पाठवावेत. आणि खरं तर बायकांना पाठवणारंच कुणी नसतं, माहेर अन् सासर दोन्ही हात झटकतात. कडकभाकरांनी हे खातं बघितलं तर मत बदलेल.

वकीलपत्र
मांजराकाठच्या चौथ्या प्रश्नावर. महिन्याला २,००० आत पाठवणारं घर जामिनाच्या कागदाला मात्र पैसे नाहीत म्हणतं, हे उलटं आहे. पीपीसीतली रक्कम जामिनाला वळत नाही, जामीन न्यायालयात भरायचा असतो. म्हणून आधी बघा की जामीन मंजूर होऊनही माणूस आत अडकलाय का. सातबारा असलेला जामीनदार मिळत नाही, तहसीलचं ऐपत प्रमाणपत्र निघत नाही, म्हणून महिनोन्‌महिने बसलेली माणसं आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशांप्रमाणे जामीन मिळून ७ दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं आहे, आणि महिनाभरात बंधपत्र दिलं गेलं नाही तर न्यायालय स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं.

गरीब कैद्यांसाठी केंद्राची २०२३ ची योजना आहे. २०२३ ला ती आली तेव्हा न्यायबंदीच्या जामिनासाठी ४०,००० पर्यंत आणि दंड न भरल्यानं अडकलेल्या सिद्धदोष बंदीसाठी २५,००० पर्यंत अशी मर्यादा होती. जिल्ह्याची समिती ठरवते, पैसे न्यायालयात भरले जातात, घरच्यांच्या हातात येत नाहीत. अंमली पदार्थ, यूएपीए (बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायदा), मनी लाँडरिंग, भ्रष्टाचाराच्या केसेसना ती लागू नाही.

शिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९: पहिलाच गुन्हा असेल तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश, नाहीतर निम्मा काळ आत काढल्यावर सुटकेचा विचार होतो. फाशी-जन्मठेपेच्या कलमांना नाही, एकाहून जास्त केसेस चालू असतील तरी नाही. अर्ज करण्याची जबाबदारी अधीक्षकांवर आहे, पण तारखा मोजून वकिलाच्या कानावर घालणं घरच्यांनी करावं.

मांजराकाठ
म्हणजे आकडा सांगायचा तर?

शेरा_बुक
न्यायबंदी, व्यसन नाही, कपडे घरून जातात: ५०० ते ८०० मध्ये महिना निघतो. आजारी, वयस्क किंवा लेकरू बरोबर असलेली बाई: १,००० ते १,५००. दर महिन्याला, ठरल्या तारखेच्या आसपास. एका महिन्याला ४,००० अन् पुढचे पाच महिने काहीच नाही, ह्याच्यापेक्षा ५०० नेमानं गेलेले बरे.

कडकभाकर
५०० ला माझा विरोध नाही. फरसाणाला आहे.

हुरडा२०
५०० त फरसाण येतंच हो.

नळदुर्गी
एक राहिलं. मनीऑर्डर वाटेत असताना सुटका झाली किंवा दुसऱ्या कारागृहात हलवलं तर?

टपालखातं
सुटका झालेली असेल तर कारागृह घेत नाही, पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर परत येते, कमिशन मात्र परत मिळत नाही. पोस्टात परत आल्याची वर्दी मिळाली की ओळखपत्र आणि मूळ पावती घेऊन जा.

शेरा_बुक
खात्यात आधीच जमा असलेली शिल्लक सुटतानाच सही घेऊन देतात. गेटवर घाई असते, बाहेर गाडी हॉर्न वाजवत असते, अन् माणूस तसाच निघतो. सुटका आदेश आला की वकिलाकरवी त्याला आधीच सांगून ठेवा: पीपीसी आणि दाखल होताना जमा केलेली अंगठी, घड्याळ, मोबाईल, पाकीट हे सगळं रजिस्टर बघून, मोजून घ्यायचं, मगच सही. दुसऱ्या कारागृहात वर्ग झाला तर शिल्लक त्याच्यामागं तिकडं जाते, पण माणसाच्या नंतर पोचते. त्या मधल्या दिवसांसाठी नव्या ठिकाणी ३००-४०० ची छोटी मनीऑर्डर करावी, नवा क्रमांक घेऊन.